आखातात गुंतवणूक करण्याची माझी सात कारणं

दादाने परदेशातल्या आमच्या पॉइंट कुक उपनगरात घर घ्यायचं सोडून आखातात फ्लॅट घ्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या घरात शहाणी माणसं दोनच उरली: वहिनी आणि मी. (मोजणी माझी.)

खरं तर डिपॉझिट साठलं होतं ते नागपूरहून आई-बाबांना आणून त्या घरातली खालची खोली देण्यासाठी. पण दादा एका एजंटाच्या सेमिनारला जाऊन आला. "तिथे तेल आहे, गॅस आहे, इकॉनॉमी धावतेय. इथे काय आहे? वारा."

"अकाउंट जॉइंट आहे," वहिनी म्हणाली. "मी सही देणार नाही."

मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. बाबा वस्तीत पत्रकं वाटायचे, त्यांवरच मी अक्षरं शिकलो. आमच्याकडे 'अ' अननसाचा नव्हता, अन्यायाचा होता. वहिनीला पाठिंबा म्हणून मी पत्रक काढलं. साधा निषेध कोण वाचतो? मी उपरोध वापरला! 'आखातात गुंतवणूक का करावी? सात कारणं.' युनियन नाही, म्हणून संप नाही. मजूर भर उन्हातही थांबत नाही, म्हणून इमारत वेळेत उभी राहते. त्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात, म्हणून तो काम सोडून जात नाही... लिहिताना माझेच डोळे भरून आले.

रविवारी मराठी मंडळाच्या बार्बेक्यूला, खाली माझं नाव छापून, शंभर प्रती वाटल्या. कणसं भाजणारे एक काका चिमटा घेऊनच आले.

"तू लिहिलंस? वेळेत पझेशन, हे इतकं क्लिअर कोणी सांगितलंच नव्हतं."

"काका, तो उपरोध आहे."

"असू दे. दादाच्या त्या एजंटाचा नंबर दे."

मी लोकांच्या हातातून पत्रकं परत घेऊ लागलो. फ्लॅट संपत आले असं वाटून उरलेल्यांनी फोटो काढून घेतले.

घरी आलो, तर वहिनी पत्रकावर पेनाने खुणा करत बसलेली.

"भाऊजी, समोरच्यांचं घर बघताय ना? बिल्डर बुडाला, दीड वर्ष नुसता लाकडी सांगाडा उभा आहे. मला तीच धास्ती होती. तुमचं दुसरं कारण वाचलं आणि जीव भांड्यात पडला."

"वहिनी, दुसरं कारण म्हणजे माणसांचा छळ आहे."

"हो, ते वाईटच. पण लिहिलंय किती पटेल असं."

"आणि आई-बाबा?"

"भाडं येईल ना. त्यातून दर वर्षी तिकीट काढू."

शेवटची आशा म्हणून बाबांना पत्रकाचा फोटो पाठवून फोन केला. त्यांनी ते मोठ्याने वाचून काढलं. मग म्हणाले, "भाषा चांगली आहे, बाळा. पण जे म्हणायचंय तेच लिहायचं असतं रे."

शनिवारी एजंट फॉर्म घेऊन घरी आला. दादाने सही केली. वहिनीने केली. साक्षीदार म्हणून मला पुढे ढकललं. माझं नाव वाचून एजंट खुर्चीतून उठला.

"ते पत्रकवाले तुम्हीच? तुमच्यामुळे बारा जणांनी फोन केले, साहेब. कमिशन कोणाच्या नावाने काढू?"

मी उपरोधाने म्हणालो, "माझ्याच."

त्याने लिहून घेतलं.