उत्तर न दिलेली मुलं

हिर्विलाम्पीची कागद गिरणी बंद पडली, तेव्हा इर्मेली तिथल्या खाणावळीत बटाटे सोलत होती. फिनलंडच्या त्या भागात गिरणी गेली की गावही निम्मं जातं. इर्मेली राहिली. नगरपालिकेने तिला शिकायला पाठवलं आणि गावातल्या पोरांचं युवाघर तिच्या हवाली केलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. रविवारी ती चर्चला जाई, पण पोरांसमोर देवाचं नाव काढत नसे. त्यांच्यासाठी लोकरीचे मोजे विणताना मात्र एकेकाचं नाव मनात घेई.

आत येताना बूट दाराशी काढायचे, ही तिकडची रीत. बुटांवरूनच इर्मेलीला कळायचं, आत कोण आहे आणि कोण भांडून निघून गेलं.

त्या नोव्हेंबरात मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारीच अंधारून यायचं, आणि पायपुसण्यावर वितळलेल्या बर्फाचं पाणी साचलेलं दिसायचं. बूट मात्र नसायचे. बर्फ वितळेपर्यंत कुणीतरी तिथे उभं राहत होतं आणि आत न येताच परत जात होतं.

"गिरणीतलं भूत असेल," युवाघरातला तिचा सहकारी ओस्मो म्हणाला. "तुझी कॉफी पिऊन मेलेलं."

"तुला बरं काही झालं नाही इतकी वर्षं पिऊन!" ती म्हणाली खरी, पण हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात शाळांमधल्या पाहणीचे आकडे आले. झोप लागते का, एकटं वाटतं का, मनातलं बोलायला कुणी आहे का, असले प्रश्न. हिर्विलाम्पीची मुलं चांगलीच सुखात निघाली. मग नगरपालिकेच्या मनात आलं, युवाघरात नुसतं येऊन बसायच्या दुपारी आता कशाला? मुलांनीच मागितलेत तर नाचाचे, यंत्रमानवांचे वर्ग सुरू करू. इर्मेलीचं पाहणीशी वैर नव्हतं. अशाच आकड्यांच्या जोरावर तिने शाळेत सकाळची लापशी सुरू करून घेतली होती. पण दारातलं ते पाणी कुठल्या आकड्यात बसतं, हे तिला कळत नव्हतं.

एके दुपारी तिने खुर्ची दाराजवळ ओढली आणि विणत बसली. दार किलकिलं झालं.

"लाव गं ते, गारठा येतोय."

दार लागलं. आत उभी होती इल्ता, नगरपालिकेच्या युवा समितीच्या अध्यक्ष मेर्वीची मुलगी. बूट पायातच.

"आत कोण आहे?"

"ओस्मो. बिलियर्डमध्ये स्वतःशीच हरतोय."

पोरीचे ओठ जरासे हलले.

"शाळेत जातेस?"

"सप्टेंबरपासून नाही. डोकं दुखतं म्हणून सांगते."

"आणि दुखतं?"

"डोकं नाही." मग घाईने, "आईला सांगू नकोस, मी इथे येते ते."

"नाही सांगणार."

ती गेली. इर्मेलीच्या हातातले टाके सुटले ते सुटलेच.

युवा समितीच्या बैठकीत इर्मेली उभी राहिली. "आकडे खरे आहेत. पण ज्या दिवशी उत्तरं घेतली, त्या दिवशी जी मुलं वर्गातच नव्हती, ती कुठे आहेत यात?"

"सर्दीपडशाची पोरं गं ती," कुणीतरी म्हणालं.

"महिनोन् महिने सर्दी?"

मेर्वीने चष्मा काढला. "हवेत बोलू नकोस, इर्मेली. एक नाव सांग."

एका नावाने युवाघरातल्या त्या दुपारी वाचल्या असत्या. देवा, माझी जीभ धर, इर्मेली मनात म्हणाली.

"नाव नाही सांगणार."

"मग ठरवायचं कशावर? भुतांवर?"

मेर्वीने चष्मा लावायला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"आमचीही नव्हती त्या दिवशी," ती टेबलाकडे बघत म्हणाली. "डोकं दुखत होतं तिचं."

इर्मेलीने मान वर केली नाही. केली असती तर सगळं चेहऱ्यावर वाचता आलं असतं.

युवाघरातल्या दुपारी तूर्त बंद करायच्या नाहीत, असं ठरलं. शाळेच्या नर्सने गैरहजर मुलांच्या घरी जाऊन तेच प्रश्न विचारायचे, तोवर निर्णय नाही.

बाहेर मेर्वीने तिला गाठलं. "तुझ्याकडे येते ती?"

इर्मेली कोटाची बटणं लावत राहिली.

"बरं, नको सांगूस. मी आणून सोडू का तिला?"

"कुणालाच आणून सोडू नकोस, मेर्वी. पोरं आपणहून येतात."

"काय विचारू मग घरी जाऊन? इतके प्रश्न छापले आम्ही. मला एकही आठवत नाहीये."

इर्मेलीने मेर्वीच्या बाहीवर हात ठेवला. मेर्वी गाडीत जाऊन बसली. दिवे लागले, पण गाडी हलेना. काचेआड तिची मान खाली गेलेली दिसत होती. इर्मेलीची बस आली, थांबली, निघून गेली. ती तिथेच उभी राहिली.