व्याह्याबद्दल वाईट बोलू नये

ब्रह्मपुरीच्या स्टँडवर लटारूचा आवाज ऐकून लोक घड्याळ लावत, असं सांगतात. सांगणारे काहीही सांगतात. लटारूची गाडी वेळेवर कधी सुटलीच नाही. ती निळ्या गाडीच्या पाच मिनिटं आधी सुटायची, मग निळी कधीही सुटो. लटारू होता पिवळ्या गाडीचा कंडक्टर. निळी आणि पिवळी या दोन खासगी मालकांच्या गाड्या जंगलाकडच्या एकाच रस्त्यावर धावायच्या. मालकांची नावं कुणाला ठाऊक नव्हती, पण रंग लहान पोरांनाही ठाऊक होते.

निळ्या गाडीवर कंडक्टर होता धनराज. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, तेही वीस वर्षांचं. एकदा धनराजनं कहर केला. फाट्यावर उभं राहून पॅसेंजरची वाट बघायची सोडून त्यानं गाडी थेट चार किलोमीटर आत, कुसुमटोल्यात नेली आणि दारातून माणसं उचलली. लटारूच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो दहा मिनिटं आधी टोल्यात हजर. मग धनराजनं तिकीट पाच रुपयांनी उतरवलं. लटारूनंही उतरवलं, वर शिकणाऱ्या पोरींना अर्धं केलं. अशा रीतीनं, जिथं कधी सरकारी गाडीसुद्धा पोचली नव्हती त्या साठ घरांच्या गोंडी टोल्यात रोज सकाळी सहाला दोन-दोन गाड्या उभ्या राहू लागल्या. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ.

त्या लाभातला सगळ्यात मोठा वाटा दिव्याचा होता. आजीनं, सोमारीनं वाढवलेली ही पोर टोल्यातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. दाराजवळची खिडकी तिची. लटारू स्वतः चौथी नापास, पण आज काय शिकवणार म्हणून तिला रोज विचारायचा आणि ती सांगेल ते दुपारी स्टँडवर असं ऐकवायचा की जणू परीक्षा त्यालाच द्यायची आहे. तिला तलाठी व्हायचं होतं. फाट्यापर्यंतचा रस्ता दाट जंगलाचा आणि जंगल वाघाचं. उजाडायच्या आत त्या वाटेला एकटं कुणी पाय घालत नाही. गाडी होती म्हणून दिव्याचं कॉलेज होतं, हे सोमारीला कळत होतं आणि लटारूलाही कळत होतं.

पुढं एक नवलच घडलं. लटारूची लेक पुनम धनराजच्या मुलाला दिली. शत्रू व्याही झाले. रस्त्यावरची चुरस काही थांबली नाही, धनराजची गाडी अजूनही वळणावर कट मारायची, पण लटारूच्या तोंडाला कुलूप लागलं. ज्या घरी लेक नांदते त्या घराबद्दल चारचौघांत वाईट बोलायचं नसतं, ही त्याच्या आईची शिकवण. आणि लटारूनं आईचं तेवढं एकच नीट ऐकलं होतं.

मग दोन्ही मालकांनी गाड्या एकत्र करून एकच कंपनी काढायचं ठरवलं. दोनाचं एक झालं तर लोकांचं नुकसान होईल का, हे तपासणारं एक सरकारी कार्यालय असतं. तिथून रीता मॅडम नावाच्या अधिकारी चौकशीला आल्या आणि दोन्ही कंडक्टरांना विश्रामगृहावर बोलावणं गेलं. दिव्यानं टोल्याच्या वतीनं अर्ज लिहून ठेवला होता. तो तिनं आदल्या दिवशी गाडीतच लटारूला वाचून दाखवला. तुम्ही दोघं भांडता म्हणूनच आमच्या टोल्यात गाडी येते, असं त्यात सरळ लिहिलं होतं. लटारूला ते भांडण कागदावर बघून कसंतरीच झालं.

"अर्ज कायले देतं बाई," तो म्हणाला. "मी जाऊन राह्यलो ना. मी सांगतो सारं."

दिव्यानं अर्ज घडी करून वहीत ठेवला. तिचा त्याच्यावर विश्वास होता.

लटारू इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मॅडम भल्या होत्या. त्यांनी चहा दिला आणि सोप्या मराठीत विचारलं. निळ्या गाडीनं तिकीट कमी केलं तर तुम्हीही करता का? ते आत गावात जातात म्हणून तुम्ही जाता का? एकमेकांचे पॅसेंजर पळवता का? दार उघडं होतं. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर धनराज आपल्या पाळीची वाट बघत बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. लटारूला त्याच्यामागं पुनम दिसली, त्या घरात भाकरी थापणारी. पॅसेंजर पळवतो म्हणायचं, म्हणजे व्याह्याला सरकारी माणसापुढं चोर म्हणायचं. आणि मॅडम तर एकेक शब्द उतरवून घेत होत्या.

"नाई मॅडम," तो म्हणाला. "आमच्यात चढाओढ कायची? ते माहे याही हायेत. आमी भावावानी राह्यतो."

मग टोल्यात दोन गाड्या कशाला जातात, असं मॅडमनी पुन्हा खोदून विचारलं. लोकांची सोय म्हणून, असं सांगून लटारू मोकळा झाला. बाहेर येताना धनराजला त्यानं मान डोलावली. आपण अब्रू राखली म्हणून त्याची छाती भरून आली होती. मॅडमना सारं सांगून आलो, असं त्यानं दिव्याला सांगितलं. बिचाऱ्याला तेही खोटं वाटत नव्हतं.

चार महिन्यांनी परवानगी आली. दिवाळीनंतर सगळ्या गाड्या एकाच पांढऱ्या रंगाच्या झाल्या. पहिल्या आठवड्यात लटारूची टोल्याची फेरी बंद झाली, दुसऱ्या आठवड्यात धनराजची. तिकीट दहा रुपयांनी वाढलं. लटारू मॅनेजरकडं गेला तेव्हा त्यानं शांतपणे समजावलं की पॅसेंजर फाट्यावर येतीलच, आता ते दुसऱ्या कुणाच्या गाडीत जाणार आहेत? विश्रामगृहात हेच तर सांगायचं होतं, हे मॅनेजरच्या कचेरीतून उतरताना लटारूच्या ध्यानात आलं आणि तो पायरीवरच बसला.

काही दिवस सोमारी खांद्यावर कुऱ्हाड टाकून दिव्याला फाट्यापर्यंत आणून सोडायची. पौषात शेजारच्या गावातल्या गुराख्याला वाघानं नेलं. सोमारीनं दुसऱ्या दिवसापासून नातीला घराबाहेर पडू दिलं नाही. तिला कोण दोष देणार?

माघात एका सकाळी फाट्यावर पिकअप उभी होती. मिरची तोडायला तेलंगणात निघालेल्या बाया मागं दाटीनं बसल्या होत्या आणि त्यांच्यात गाठोडं घेऊन दिव्या होती. लटारू गाडी थांबवून खाली उतरला. कॉलेजचं विचारलं. हजेरी नाही म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही, असं तिनं सांगितलं.

"चूक माही हाये बाई," लटारू म्हणाला. "मी मॅडमपुढं खोटं बोललो."

"मले माहीत हाये, भाऊ. त्या मॅडमचा निकाल मी मोबाईलवर वाचला." दिव्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोसलं असतं. "धनराजभाऊ बी तेच बोलले. भावावानी राह्यतो म्हने. दोघंबी एकमेकाबद्दल लय चांगलं बोलले."

पिकअप सुरू झाली. दिव्यानं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं.

"आमच्याबद्दल कोनीच नाई बोललं," ती म्हणाली.

पिकअप वळणाआड जाईस्तोवर लटारू रस्त्यात उभा होता. त्याच्या गाडीच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही. मागून कुणाचीच गाडी येत नव्हती, घाई कसलीच नव्हती.