दवाखान्यातली मेथी

नवऱ्याला तपासणीसाठी आत नेलं होतं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारची अनोळखी बाई मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडत होती.

"तुमचं कोण आहे आत?" मी विचारलं.

"मुलगी. डॉक्टर काय सांगतात, देव जाणे."

"मग हे सुचतं कसं तुम्हाला?"

"भीती वाटतेच हो. पण संध्याकाळी भाजी लागेलच ना?"

बोलता बोलता तिने निवडलेली पानं देठांत टाकली. मी थोडी मेथी ओढून घेतली. उद्याचं कुणाला ठाऊक, असं आपण किती सहज म्हणतो! तिथे मी उद्याचा विचार टाळून एकेक पान खुडत राहिले.

दार उघडलं. नाव ऐकू येण्याआधीच आम्ही दोघी उभ्या राहिलो.