डावखुऱ्याचं कोपर

माणसांची कोपरं मी रोज बघतो आणि त्यांच्याबद्दल रोज गप्प बसतो. कुवेतमधल्या जाब्रियात एका दवाखान्यात मी एक्स-रे काढतो, त्याला आता बावीस वर्षं झाली. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की पडद्यावर काय दिसलं ते आपण पेशंटला सांगायचं नाही. हाड सरळ सरळ मोडलेलं दिसत असलं तरी "डॉक्टर सांगतील" एवढंच म्हणायचं आणि पुढच्याला आत घ्यायचं. नियम योग्यच आहे, मी काही डॉक्टर नाही. पण त्यात एक सोयही आहे. वाईट बातमी आपल्या तोंडून जात नाही. या सोयीची मला किती सवय लागली होती, ते मला बेसबॉलमुळे कळलं.

बेसबॉल म्हटल्यावर हसू येईल, मलाही आलं असतं. साध्या क्रिकेटचंही मला कधी वेड नव्हतं. पण मुलगा अठराव्या वर्षी शिकायला अमेरिकेत गेला, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका शहरात, आणि पहिले दोन महिने आमचे फोन तीन मिनिटांच्या वर जाईनात. "कसा आहेस?" "फाइन." "जेवलास का?" "येस, बाबा." मग मी हिच्या हातात फोन द्यायचो आणि ती तेच प्रश्न पुन्हा विचारायची. तो कुवेतमध्येच जन्मला, मराठी त्याला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. आम्ही ते कधीच चालवून घेतलं होतं.

मग एकदा खोलीतल्या मित्रांबरोबर तो तिथल्या संघाचा सामना बघून आला आणि पंचेचाळीस मिनिटं बोलला. पंचेचाळीस! मी घड्याळ बघत होतो. त्याच आठवड्यात मी पैसे भरून सामने दिसायची सोय टीव्हीवर करून घेतली. तिथे संध्याकाळी सामना सुरू झाला की फिंतासला आमच्याकडे पहाटेचे पाच वाजलेले असत. चहा घेऊन बसायचं, आठच्या सुमाराला सामना संपला की त्याला फोन करायचा आणि नऊला दवाखान्यात हजर व्हायचं. ही म्हणायची, "तुम्ही देवपूजेला कधी एवढ्या नेमानं उठला नाहीत." खरंच होतं ते.

खेळ मला त्यानंच शिकवला. पिचर म्हणजे आपला गोलंदाजच, फक्त तो धावत येत नाही. मातीच्या उंचवट्यावर उभा राहून चेंडू फेकतो, टप्पा न पाडता, आणि इतक्या वेगात की कोपराच्या आतल्या बाजूला एक दोरीसारखा बंध असतो तो दर वेळी तुटायच्या बेतात येतो. म्हणून संघाकडे असे पाच जण असतात. आज एकानं फेकलं की तो चार-पाच दिवस विश्रांती घेतो. आमच्या संघाकडे त्या वर्षी पाचही नावाजलेले होते आणि त्यातला एक डावखुरा तर असा, की यंदा अजिंक्यपद आपलंच असं शहरातलं शेंबडं पोरही सांगत होतं. घरात आम्ही त्याला डावखुराच म्हणायचो. "बॉलकडे बघू नको बाबा," मुलगा सांगायचा, "वॉच हिज हॅन्ड आफ्टर ही थ्रोज." हाताकडे बघायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. एक्स-रेच्या खोलीत माणूस हात कसा धरून आत येतो यावरूनच मला अर्धं कळतं.

एप्रिलमध्ये पाचातला पहिला गेला. खांदा. संघानं सांगितलं, थोडी विश्रांती, काळजीचं कारण नाही. मे महिन्यात दुसरा गेला, तेव्हाही तेच सांगितलं. संघ मात्र जिंकतच होता आणि मला त्या जिंकण्याचीच भीती वाटायला लागली होती. उरलेल्यांवर किती भार पडतोय ते कुणी बोलत नव्हतं. मी मुलाला म्हटलं, "हे लपवताहेत रे काहीतरी." तो म्हणाला, "ऑफ कोर्स दे आर. पिचरला आस्क केलं तर तो काय म्हणणार? आय एम फाइन."

त्याच महिन्यात त्यानं सांगितलं की उन्हाळ्यात येणार नाही, जादा वर्ग घेतलेत. आमच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर राहायचं तर सहा महिन्यांतून एकदा कुवेतच्या जमिनीला पाय लावावा लागतो, नाहीतर तो रद्द होतो. मी त्याला आठवण केली. "लेट इट गो, बाबा," तो म्हणाला. जन्मल्यापासूनचा इकामा आणि लेट इट गो! मला राग आला, पण अभ्यासाचं कारण पुढे केल्यावर मराठी बाप काय बोलणार? मी म्हटलं, "बरं, अभ्यास महत्त्वाचा." हिनं एगैलाच्या मॉलमधून त्याच्यासाठी आणलेले शर्ट पिशवीतच राहिले. ती पिशवी त्याच्या पलंगावर तशीच पडून होती आणि ती उचलायला आम्ही दोघंही तयार नव्हतो.

जूनमध्ये फोन कमी झाले आणि मेसेज वाढले. मी व्हिडिओ लावला की तो कॅमेरा बंद ठेवायचा. नेटवर्क खराब आहे म्हणायचा. अमेरिकेत, त्या शहरात, नेटवर्क खराब! आमच्या गावच्या पारावर चांगलं येतं. मला हे दिसत नव्हतं असं नाही. पण सकाळी आठला मेसेज यायचा, "गुड विन," आणि मी माझ्या मनाची समजूत घालायचो की चला, सामना बघतोय म्हणजे ठीक आहे.

जुलैच्या सुरुवातीला डावखुऱ्याचा हात गेला. त्या सकाळी मी बघत होतो. तिसऱ्या डावात एक चेंडू फेकल्यावर त्यानं पंजा दोनदा झटकला आणि करंगळीकडची दोन बोटं उघडमीट करून पाहिली. त्या बोटांची शीर कोपराच्या आतूनच जाते. मी कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव जखमींच्या यादीत गेलं.

त्यानंतर चार दिवसांनी जो सामना झाला त्यात एका नवख्या पोरानं चेंडू टाकले. आम्ही जिंकलो. मुलाचा मेसेज आला, "डावखुरा वॉज अमेझिंग टुडे!"

मी तो मेसेज तीनदा वाचला. ज्या मुलाला राखीव पिचरांच्याही कोपरांचा इतिहास पाठ, त्याला डावखुरा यादीत गेल्याचं माहीत नाही? म्हणजे तो सामने बघतच नव्हता. किती दिवसांपासून? मग रोज सकाळी "गुड विन" लिहायचा तो नुसता निकाल बघून? हातात फोन होता, विचारायला दोन शब्द पुरले असते. मी लिहिलं, "हो, मस्त टाकला."

का लिहिलं? त्याला खोटं पाडलं तर तो ओशाळेल, आणि मग तेवढंही बोलणं बंद होईल, असं वाटलं. आमच्या घरात असंच चालत आलंय. माझ्या वडिलांनी मला कधी तोंडावर काही विचारलं नाही आणि मी ते मोठेपण समजत आलो. दिसलेलं न दिसल्यासारखं करणं यालाच आम्ही सांभाळून घेणं म्हणतो.

हिला रात्री सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग विचारा ना त्याला सरळ."

"परीक्षा असेल. ध्यानात राहिलं नसेल."

"तुमचं तुम्हाला तरी पटतंय का?"

मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो की तू त्याला लहान बाळ समजतेस, त्याला श्वास घेऊ दे जरा. दुसऱ्या दिवशी डब्यात भाजी अळणी होती. तिनं मुद्दाम केलं नसावं, तिचंही लक्ष नव्हतं.

त्याच आठवड्यात दवाखान्यात कुडाळकडचा एक सुतार आला. इथे कंत्राटावर एकटा राहणारा, पन्नाशीचा माणूस, उजवं मनगट डाव्या हातात धरून. मी प्लेट लावली, फोटो काढला, पडद्यावर बघितलं. मोडलं होतं आणि चांगलं मोडलं होतं, महिनोन्महिने करवत धरता आली नसती. तो माझ्याकडेच बघत होता.

"काय दिसलां काय हो?"

"डॉक्टर सांगतील."

त्यानं मान हलवली. "म्हंजे दिसलां."

मी पुढच्याला हाक मारली. सुतार बाकड्यावर जाऊन बसला आणि डॉक्टरनं बोलवेपर्यंत भिंतीकडे बघत राहिला. त्याला त्या वेळी जे कळायचं होतं ते कळून चुकलं होतं, फक्त त्याच्या शेजारी कुणी नव्हतं. घरी येताना गाडीत माझ्या डोक्यात तेच घुमत होतं. तरी मी मुलाला विचारलं नाही. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. मी रोज सकाळी सामना बघायचो आणि त्याला लिहायचो, तो "येस" आणि "नाइस" लिहायचा. मला त्याच्या प्रत्येक उत्तराची भीती वाटायची आणि उत्तर आलं नाही की त्याहून जास्त.

ऑक्टोबरमध्ये संघ बाद फेरीत पोचला. पाचातले दोनच उरले होते. निर्णायक सामन्याच्या आदल्या दिवशी बातमी आली की डावखुरा परत येतोय. तीन महिन्यांत! अशा कोपराला वर्ष लागतं, हे मला एक्स-रेवाल्यालाही माहीत. टीव्हीवरचे लोक त्याला शूर म्हणत होते.

इथे शुक्रवार होता, सुट्टी. अंधारातच सामना सुरू झाला आणि उजाडेपर्यंत तीन डाव झाले. डावखुरा टाकत होता, पण वेग नव्हता. चौथ्या डावात त्यानं पंजा झटकला. मग पुन्हा झटकला. प्रशिक्षक चालत उंचवट्यापर्यंत गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं. डावखुऱ्यानं मान डोलावली. ठीक आहे, ठीक आहे. प्रशिक्षक वळला आणि परत निघाला.

मी उठून उभा राहिलो. "अरे, मान काय डोलावतोय ते कसलं बघतोस? हात बघ त्याचा! दिसत नाही का तुला? दिसतंय तर बाहेर काढ ना त्याला, गाढवा!"

ही स्वयंपाकघराच्या दारात आली. ओढणीला हात पुसत म्हणाली, "कुणाला सांगताय?"

एवढंच. पुढचा चेंडू त्यानं टाकला आणि तो गुडघ्यावर बसला, कोपर पोटाशी धरून. मी ते पूर्ण बघितलं नाही. मी फोन लावला होता.

बराच वेळ घंटी वाजल्यावर त्यानं उचलला. "हाय, बाबा."

"सामना बघतोयस?"

"येस."

त्याच्या खोलीत काहीच आवाज नव्हता. मैदानापासून तो चार मैलांवर राहतो. शहरातल्या प्रत्येक घरात त्या वेळी टीव्ही चालू असणार आणि त्याच्याकडे नुसता पंख्याचा आवाज येत होता.

"कॅमेरा चालू कर."

"बाबा, नेटवर्क..."

"नेटवर्क बिटवर्क काही नाही. कॅमेरा चालू कर. मला तुला बघायचंय."

खूप वेळानं पडदा उजळला. मी रोज शेकडो हाडं बघतो, पण माझ्या मुलाच्या गालाची हाडं मी कधी अशी पाहिली नव्हती. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मागे खिडकीवर ब्लँकेट ठोकलेलं. टेबलावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, एकावर एक, आणि पुस्तक एकही नाही. ही माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली होती. तिनं माझा दंड घट्ट धरला.

"कॉलेजला जातोस का?"

"नाही."

"कधीपासून?"

"मार्च." मग म्हणाला, "मला उठताच येत नाही, बाबा. आय ट्राय. नाही येत."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मी म्हटलं, "मला दिसत होतं रे. जुलैपासून दिसत होतं. तू लिहिलंस ना, डावखुरा छान खेळला म्हणून, तेव्हाच मला कळलं होतं."

मग त्यानं पूर्ण मराठीत, एकही इंग्रजी शब्द न घालता उत्तर दिलं, जसं तो दहा वर्षांचा असताना द्यायचा.

"तो यादीत होता, हे मला माहीत होतं, बाबा. मी मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं. तुझं त्यात कधी चुकत नाही ना. मला वाटलं, तू पकडशील आणि मग विचारशील. मी दिवसभर फोन हातात घेऊन बसलो होतो. आणि तू लिहिलंस, हो, मस्त टाकला."

मी तसं लिहिलं होतं. तो मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहे, त्यानं वाचल्याच्या दोन निळ्या खुणांसकट.