झाकणाआतली खूण

रविवार कारंजाजवळ एका जिन्याखाली बसून घड्याळं दुरुस्त करणारे हे काका डोळ्याला भिंग लावलं की श्वास रोखतात. त्यामुळे त्यांचं वाक्य अर्धंच राहतं. उरलेलं स्क्रू बसल्यावर येतं. आधीच्या कारागिराला घातलेल्या शिव्या मात्र सलग येतात.

परवा मी सासऱ्यांचं खिशात ठेवायचं जुनं इंग्लिश घड्याळ नेलं. आत सायकलच्या चेनसारखी, पण दोऱ्याहून बारीक साखळी. तिची एक कडी कुणीतरी सोल्डर मारून जोडलेली.

"कोण्या गाढवानं सोल्डर मारलं? इथं केसाएवढा खिळा ठोकायचा असतो! नाय येत तर हात लावायचा..."

वाक्य तुटलं. मी वाट पाहिली. काका झाकणाची आतली बाजू उजेडाकडे धरून बघत होते. दुरुस्ती झाली की कारागीर तिथं सुईनं आपली बारीक खूण कोरतात.

भिंग काढून ते म्हणाले, "गाढव मीच की हो. शिकत होतो तेव्हा."

आठवड्यानं घड्याळ चालू होऊन मिळालं. घरी येऊन झाकण उघडलं. जुनी खूण त्यांनी खोडली नव्हती. तिच्याशेजारी तीच खूण पुन्हा कोरली होती, या वेळी जरा खोल.