कावेरीची दाढ

"हा बिहेवियर प्रॉब्लेम आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कावेरीकडे नीट पाहिलंही नव्हतं, त्यामुळे निदान लवकर झालं.

कावेरी चोवीस वर्षांची. तिला ऑटिझम आहे, ती बोलत नाही. चेन्नईत अड्यारच्या आमच्या सेंटरमध्ये मी स्पेशल एज्युकेटर आहे. काही दिवसांपासून ती स्वतःच्याच गालावर बुक्के मारत होती. डॉक्टरांनी झोपेची गोळी वाढवली. आता ती जागी असतानाच मारून घ्यायची. सुधारणाच म्हणायची.

तिच्या आई सरोजाबाई, मैलापूरला राहणाऱ्या, तंजावरकडच्या मराठी. मी विचारलं, "जेवते का नीट?"

"इडली खाते, टीचर. मुरुक्कू, ती कडक चकली, मात्र थुंकते. आधी डबा लपवावा लागायचा!"

मी आमच्या डायरेक्टर मॅडमना सांगितलं, "दात दुखत असेल."

"तिने सांगितलं का?"

"ती बोलत नाही, मॅडम."

"मग अंदाज कशाला करता?"

आम्ही सरोजाबाईंच्या फॅमिली डॉक्टरांना विचारून दुखण्याची गोळी दिली. बुक्के कमी झाले. मॅडमना तो योगायोग वाटला.

पहिल्या डेंटिस्टने दारातूनच सांगितलं, "आधी हिला शांत बसायला शिकवा." बरोबरच आहे. दाढ ठणकत असताना शांत बसणं सगळ्यांनाच येतं.

शिकवलं. आधी नुसतं आरामखुर्चीत बसणं, मग 'आ' करणं, मग तोंडात छोटा आरसा. याला आम्ही डिसेन्सिटायझेशन म्हणतो, म्हणजे भीतीच्या गोष्टीची हळूहळू सवय करणं. कावेरी पटकन शिकली. मॅडम अजून विचार करत होत्या.

दुसऱ्या डेंटिस्टने आरसा आधी कावेरीच्याच हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि तोंड उघडलं. खालची दाढ पार किडली होती, मुळाशी पू. तेवढ्याच जागेला भूल देऊन दाढ काढली.

बाहेर सरोजाबाई रडायला लागल्या. "अय्यो टीचर, मी तिचे हात बांधून ठेवत होते. ओरडत होते तिच्यावर."

कावेरी आईच्या खांद्याला टेकून झोपली होती, तेही गोळीशिवाय.

बुक्के थांबले. डॉक्टरांनी वाढवलेली गोळी कमी केली. महिन्याच्या मीटिंगमध्ये मॅडमनी सांगितलं, "आपल्या बिहेवियर थेरपीला उत्तम यश आलं." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, नोकरी आहे.

आता कुणी बिहेवियर प्रॉब्लेम म्हटलं, की मी आधी तोंड उघडून बघते. पेशंटचं. बाकीच्यांची उघडीच असतात.