अण्णांनी निवडलेला कॅमेरा

अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसाकडे बघत नसत, खिडकीकडे बघत. "उजेड कुठनं येतोय?" असं विचारून जागा धरत आणि मग कुठे म्हणत, "हं, कसं काय मास्तर?"

सात रस्त्याजवळच्या एका फोटो स्टुडिओत ते निगेटिव्ह सुधारण्याचं काम करत. तुम्ही जुन्या दिवाणखान्यांतले फोटो पाहिले असतील. साठीच्या सावकाराच्या कपाळावर आठी नाही, बाईच्या गालावर देवीचा वण नाही. ती किमया अशा माणसांची. तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोक्यावरून काळं फडकं घ्यायचं आणि सुईसारख्या टोकाच्या शिसपेन्सिलीने एकेक सुरकुती, एकेक खड्डा भरत बसायचं. वीस वर्षं अण्णा ते फडकं पांघरून बसले होते.

त्यामुळे निम्मं सोलापूर त्यांच्या ओळखीचं होतं आणि त्यांना मात्र कुणीच ओळखत नव्हतं. बाजारात एखाद्या जरीच्या फेट्याकडे ते टक लावून बघत आणि माझ्या कानाशी लागत, "डाव्या गालावर सात खड्डे. मीच भरलोय की ते." फेटेवाला अंग चोरून पुढे निघून जाई.

मी तेव्हा नुकताच शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो होतो. अण्णांच्याच गल्लीत एक खोली घेऊन राहत होतो. ते एकटे, मीही एकटाच. रविवारी दुपारी ते माझ्याकडे येत, तासभर बसत, फारसं बोलत नसत. अक्कलकोटकडचे असल्याने स्वतःशी पुटपुटायचे ते कानडीत. मला ते कळत नसे आणि म्हणूनच बहुधा ते माझ्यासमोर पुटपुटत.

मला फोटोग्राफीचं वेड लागलं ते त्यांच्यामुळेच. कॅमेरा घ्यायचा ठरवला तेव्हा मी त्यांना सोबत चला म्हणालो. सबंध शाळेत मी सांगून ठेवलं होतं की तांबड्या कातडी भात्याचा, भिंग पुढे ओढून उघडायचा घडीचा कॅमेरा घेणार.

दुकान घड्याळं आणि चष्मे विकणाऱ्याचं. कपाटात तीनच कॅमेरे होते. तांबड्या भात्याचा माझ्या हातात आला आणि तो परत द्यावासा वाटेना. जुनाच, पण चकचकीत होता. अण्णांनी तो मागून घेतला, पाठ उघडली, आपलं उपरणं डोक्यावर ओढलं आणि भाता दाराच्या उन्हाकडे धरून आत डोळा लावला.

"बघा तुमीच."

मी बघितलं. भात्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांत बारीक चांदण्या चमकत होत्या.

"एवढ्या भोकांतनं ऊन शिरलं की फोटोत निसता धूर," अण्णा म्हणाले. दुकानदाराचा चेहरा पडला.

दुसरा काचेच्या प्लेटांचा, तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवायचा. तो अण्णांनी उघडलाही नाही. "ह्याला मास्तर न्हाय, हमाल लागतोय." मग त्यांनी खालच्या फळीवरचा काळा चौकोनी डबा काढला. एक भिंग, एक खटका, वर नखाएवढी काच.

"ह्यात काय आहे हो अण्णा?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"काय बी न्हाय. म्हणूनच घ्या. ह्याला काय करता येत न्हाय, सगळं तुमाला करावं लागतंय. आणि कॅमेरा एकदाच घ्यायचा असतोय, फिल्म दर महिन्याला. पगार पुरायला नको?"

मी तो डबा घेतला, तो रागानेच. शाळेत चार दिवस दाखवला नाही. पण पुढच्या रविवारपासून अण्णा मला तळ्यावर नेऊ लागले. "तीन पावलं मागं सरा. जवळ गेलात की माणूस पुसट येतंय ह्याच्यात." मी त्यांच्याकडे डबा वळवला की ते हात आडवा धरत. त्यांचा फोटो मला कधी मिळाला नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका रविवारी ते आले ते बसलेच नाहीत.

"मास्तर, बार्शीला जाऊन येता काय?"

मग उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. तापाच्या साथीत बायको गेली. मुलगी दोन वर्षांची होती. अण्णा तेव्हा एका फिरत्या फोटोग्राफरबरोबर गावोगाव हिंडत. मेव्हण्याने पोर बार्शीला नेली. पुढे हे भेटायला गेले तर त्याने यांना उंबऱ्यातूनच परतवून लावलं. "बापाला पोर सांभाळता येत न्हाय म्हणाला. खोटं न्हाय बोलला. पोर माझ्या हातनं पडली होती, पायरीवर. कपाळाला खोक पडली."

दोन वर्षांपूर्वी नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं बार्शीहून स्टुडिओत फोटोला आलं. अण्णा पडद्यामागे फडक्याखाली होते. दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह त्यांच्या टेबलावर आली. पाकिटावर त्यांच्या मुलीचं नाव, बार्शीचा पत्ता आणि खाली सूचना: नवरीच्या कपाळावरचा वण काढावा.

"चार दिवस ठेवून घेतलो. मग काढलो."

"का काढलात?"

"काम होतं की."

मग म्हणाले, "तो वण असलेला फोटो पायजे, मास्तर. तुमच्या डब्यात येईल. माझं नाव सांगू नका."

कुर्डुवाडीला गाडी बदलून मी बार्शीला गेलो. धान्याच्या बाजारामागे ते घर सापडलं. कडेवर मूल घेतलेली एक तरुण बाई दारात आली. मी शाळामास्तर, फोटो शिकतोय, मुलाचा फोटो काढू का, असं काहीबाही बोललो. तिने हातातला डबा बघितला, मग मला बघितलं.

"सोलापूरचं का तुमी? कुणी धाडलंय?"

खोटं बोलवलं नाही. मी सांगितलं. ती भिंतीला टेकली. बराच वेळ मुलाच्या अंगड्याचा बंद सारखा करत राहिली.

"मामा म्हणायचे, सोलापुरात फोटोचं काम करत्यात. मला काय बी आठवत न्हाय त्यांचं," ती म्हणाली. पण अंगणात उन्हात येऊन उभी राहिली. उभी राहताना तिने पदर भुवयांपर्यंत ओढला. पदर मागे घ्या, असं परक्या बाईला कसं म्हणायचं? मी खटका दाबला.

निघताना तिने एकच विचारलं, "जेवत्यात कुटं?"

फोटो अण्णांच्या हातात दिला. पदराची सावली नाकापर्यंत आली होती. मूल हललं होतं. अण्णांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. मी माफी मागू लागलो तेव्हा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. काय बोलली?"

मी सांगितलं.

"जेवत्यात कुटं, असं?"

"हो."

"तू काय सांगितलास?" मला ते पहिल्यांदाच 'तू' म्हणाले.

"खानावळीत, म्हणालो."

त्यांनी मान हलवली आणि फोटो सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

त्या उन्हाळ्यात अण्णा गेले. आठ दिवसांचा ताप. मी बार्शीला कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. शाळा सुरू झाल्यावर एका दुपारी ती नवऱ्याला आणि मुलाला घेऊन शाळेच्या दारात उभी होती.

"ती खानावळ दावता का?"

एका म्हाताऱ्या विधवा आजींच्या घरची खानावळ होती ती. नवरा मुलाला घेऊन बाहेर कट्ट्यावर बसला. आजींनी स्वयंपाकघरातला अण्णांचा नेहमीचा पाट दाखवला. ती त्यावर बसली. आजींनी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आमटी वाढली. ती मान खाली घालून जेवू लागली. आजी समोर बसून वारा घालत होत्या. मी दारातून मागे सरलो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.